चार वाजताचे गरम स्कोन

आमच्या घरात स्कोन शिरले ते संचारबंदीमुळे. एरवी गिरगावातल्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो पाव आणि बिस्किटाच्या मधला साहेबी पदार्थ कुणी उंबऱ्याच्या आत घेतला नसता.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शिक्षिकेचा अभ्यासक्रम मी लग्नाआधीच पुरा केला होता आणि दादरच्या एका मुलींच्या शाळेत मला जागा मिळत होती. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी निरोप धाडला होता की जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ये, तोवर जागा राखून ठेवते. आता प्रश्न एवढाच होता की मामंजी हो म्हणतात की नाही. आमच्या घरात पिण्याचं पाणी कोणत्या कळशीत भरायचं हेदेखील मामंजी ठरवत, तिथे सून दादरला जाणार की नाही हे दुसरं कोण ठरवणार? मी विचारलं तेव्हा ते "बघू" म्हणाले. त्यांच्या "बघू"ला वर्षानुवर्षं पालवी फुटत नसे, असं सासूबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

मामंजींना पोटाचं जुनं दुखणं होतं. पोट रिकामं ठेवायचं नाही, दुपारी चारला काहीतरी हलकं खायचं, आणि शक्यतो ओट खायचे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ओटांचा परदेशी डबा फोर्टातून यायचा. सासूबाई दुधात त्यांची पेज शिजवायच्या आणि मामंजी ती औषधासारखी, तोंड वाकडं करून घ्यायचे. वाटी खाली ठेवताना रोज म्हणायचे, "घोड्याचा खुराक." पेज झाकून ठेवली की चारच्या आधीच सासूबाई पदर सारखा करून गल्लीच्या टोकाच्या देवळात पुराणाला जायच्या. दिवेलागणीला परत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आमचे हे ऑफिस सुटलं की मोर्चाला जायचे, घसा बसवून घरी यायचे. एकदा पाठीवर लाठीचा वळ घेऊन आले आणि तो मला असा दाखवला की जणू बक्षीसच मिळालंय. मग एक दिवस नाक्यावर गोळीबार झाला आणि संचारबंदी लागली. खिडक्या लावून आम्ही चौघं दोन खोल्यांत बसलो. खाली रस्त्यावर पोलिसांच्या बुटांचा आवाज, अश्रुधुराचा वास पायऱ्या चढून वर आलेला, आणि घरात मामंजींचा खोकला. मोरीत जाऊन बसलं तरच एकटं वाटे. मला तर वाटायला लागलं होतं की संचारबंदी बाकीच्यांना आत्ता लागलीय, मला लग्नातच लागली.

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. पेज पाण्यात झाली आणि मामंजींनी वाटी सरळ बाजूला सारली. "उपाशी मरेन, पण हे खाणार नाही." सासूबाई घाबरल्या. मला वसतिगृहातल्या मेट्रनबाई आठवल्या. त्या परदेशी होत्या आणि रविवारी आम्हा मुलींकडून ओटांचे स्कोन करून घ्यायच्या. त्यात अंडं लागत नाही. ओट, मैदा, लोणी, साखर, चिमूट सोडा आणि ताक. हे सगळं घरात होतं. नव्हती ती भट्टी. पण महायुद्धात बॉम्बच्या भीतीने चाळीच्या जिन्यात वाळूच्या बादल्या टांगल्या होत्या, त्यातली एक अजून तशीच होती. लोक तिच्यात विड्यांची थोटकं टाकत. सासूबाईंनी ती वाळू माझ्याकडून धुऊन धुऊन घेतली, मग शेगडीवर भाजायला लावली. पातेल्यात वाळू, वाळूवर ताटली, ताटलीत वड्या, वर झाकण आणि झाकणावर निखारे.

या पदार्थाची एकच मेख आहे. पीठ मळायचं नाही. लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचं, ताक शिंपडून गोळा जेमतेम एकत्र आणायचा आणि हात काढून घ्यायचा. आपल्याकडच्या बायकांना हे जमत नाही. परातीत पीठ दिसलं की आपला तळवा आपोआप तिंबायला लागतो, आणि मग स्कोनचा दगड होतो. सासूबाई शेजारी बसून माझे हात बघत होत्या. "अगं, हे काय, नीट मळ तरी," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. "आई, हे असंच कच्चं ठेवायचं असतं."

चारला मी मामंजींपुढे दोन गरम स्कोन ठेवले. त्यांनी एक फोडला, वाफ हुंगली, खाल्ला. मग दुसरा. मग बशी पुढे केली. मी अजून दोन वाढले.

"सूनबाई," ते म्हणाले, "चव आहे तुझ्या हाताला."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. ह्या पोटाच्या रस्त्याने आपण दादर गाठणार, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली. संचारबंदी उठली, दूध सुरू झालं, तरी मी रोज चारला स्कोन करत राहिले. मामंजींचं दुखणं कमी झालं. ते चाळीत सांगायला लागले की आमची सून विलायती भाकऱ्या करते. त्यांचा चेहरा जरा भरलेला दिसला, तो दिवस बघून मी पुन्हा शाळेचं विचारलं.

त्यांनी खरंच नवल वाटून माझ्याकडे पाहिलं. "मग चारला कोण करणार?"

"सकाळी करून ठेवीन," मी म्हटलं.

"गार झाले की ते लाकूड होतात. आणि डॉक्टर काय म्हणालेत? चारला गरम." त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. विषय संपला.

मी स्वतःच्या हाताने स्वतःला कडी घातली होती. पेज खात होते तोवर मामंजींना मी लागत नव्हते. रात्री मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही बोला ना एकदा." हे छताकडे बघत म्हणाले, "बाबांसमोर मी काय बोलणार गं? तुला माहीतच आहे." पोलिसांच्या लाठीसमोर छाती काढणारा माणूस! मला हसूही आलं आणि संतापही आला. मुंबई मिळालीच पाहिजे म्हणून रस्त्यावर ओरडत होते, आणि बायकोला दादर मिळावं म्हणून घरात चार शब्द निघत नव्हते.

मग मी एक युक्ती केली. दुसऱ्या दिवशी पीठ दणकून मळलं. पोळ्यांच्या कणकेसारखं तिंबलं, मुठींनी चेपलं, मनातला सगळा राग त्यात घातला. स्कोन असे झाले की ताटलीत पडताना वाजले. आता मामंजी वैतागतील, पुन्हा पेजेवर जातील आणि मी सुटेन. सासूबाई देवळात जायला निघाल्या होत्या. त्यांनी ताटलीकडे बघितलं, मग माझ्या पिठाच्या मुठींकडे.

मामंजींनी एक स्कोन दातांनी फोडून पाहिला, मग चहात बुडवला. शांतपणे बुडवून बुडवून दोन्ही संपवले. "आज बिघडले," ते म्हणाले. "असू दे. रोज करत राहिलीस की हात बसेल."

त्या संध्याकाळी मी शेगडीपुढे बसून रडले. रोज. हा शब्द कानांतून जाईना. दर दिवशी चार वाजणार आणि दर दिवशी मी याच जागी असणार, हे मला स्वच्छ दिसलं.

असेच महिने गेले. शाळा उघडायला थोडे दिवस उरले तेव्हा एका दुपारी सासूबाईंनी परात माझ्या हातातून काढून घेतली. "सर," म्हणाल्या. त्यांनी लोणी चोळलं, ताक शिंपडलं, आणि मग त्यांचा तळवा आपोआप तिंबायला लागला. मी म्हटलं, "आई, मळू नका." त्या थांबल्या, पण थोड्या वेळाने हात पुन्हा सुरू. जन्मभराची सवय ती. चारला त्यांनी ते टणक स्कोन स्वतः मामंजींपुढे नेले.

"अहो, हे मी केलेत. इथून पुढे मीच करणार. तुम्हाला चारला गरम हवंय ना? ते मिळेल. सून शाळेत जाईल."

मामंजींनी स्कोन चहात बुडवला. बराच वेळ चावला. "जाऊ दे," म्हणाले. सून जाऊ दे म्हणाले की विषय जाऊ दे, हे कुणी विचारलं नाही.

जूनमध्ये मी दादरला जाऊ लागले. वर्गात खडू हातात घेतला तेव्हा मला पंख फुटल्यासारखं झालं होतं. घरी यायला सहा वाजत. देवळावरून येताना पुराणाहून निघालेल्या बायका भेटायच्या आणि विचारायच्या, "सासूबाई कुठे आहेत तुझ्या? बऱ्या आहेत ना?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा कुठे मला कळलं. चारची वेळ माझी नव्हतीच, ती त्यांची होती. सगळ्या दिवसात घराबाहेरची तेवढीच.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "आई, आज मी करते. तुम्ही पुराणाला जा." त्या नको नको म्हणाल्या, पण म्हणता म्हणता लुगडं बदललं. जिना उतरताना त्यांची पावलं लगबगीने वाजत होती. मी जीव ओतून स्कोन केले, अगदी मेट्रनबाईंसारखे, हलके, फुललेले. मामंजींनी एक चहात बुडवला. तो विरघळून कपाच्या तळाशी गेला.

"हे काय भुसभुशीत!" ते म्हणाले. दिवेलागण झाली तरी त्यांची कुरकुर चालूच होती. "मला तिच्या हातचे सवयीचे झालेत. तिलाच करू दे. रोज."

सासूबाई दारातच होत्या. पुराण आटपून आल्या होत्या, हातात प्रसादाचे फुटाणे. त्यांनी ऐकलं. आधी मामंजींच्या हातावर फुटाणे ठेवले, मग माझ्या. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "उद्या शाळा आहे ना तुला?"

"आहे."

"मग झालं तर."

त्यानंतर त्या चारला कधी घराबाहेर पडल्या नाहीत. मामंजींची प्रकृती ओटांनी चांगली सुधारली. ते पुढे पुष्कळ वर्षं जगले.