रिम्माचा डावा कोपर

रिम्मा सेर्गेयेव्हना ही आमच्या गावची पोस्टवाली. पिनेगा नदीच्या दोन्ही काठांवर तिनं बावीस वर्षं टपाल पोचवलं, आणि पिशवी कायम उजव्या खांद्यावर. त्यामुळे उजवा हात असा तयार झालेला की व्यायामाचा सोळा किलोचा, धरायला कडी असलेला लोखंडी गोळा ती झटक्यात डोक्यावर नेई, वर गप्पाही मारी. डाव्याची मात्र बोंब.

आणि गोळा उचलण्याचे सामने भरवणाऱ्या आमच्या मंडळाचा नियम जुना आहे. वेळ दहा मिनिटं, हात एकदाच बदलायचा, आणि जो हात कमी पडेल त्याचाच आकडा धरायचा. एका हाताच्या जोरावर इथं कुणी मिरवायचं नाही. पंच मी, एमेल्यान फोमिच, आणि नियम म्हणजे माझा जीव की प्राण. गोळा डोक्यावर, कोपर सरळ, क्षणभर स्थिर, तेव्हाच उचल मोजणार. नाहीतर नाही.

तीन वर्षं रिम्माचा उजवा ऐंशीच्या पुढे गेला आणि डावा तिशीत अडकला. जिल्ह्याच्या संघात बायकांची जागा एकच. ती दरवेळी दूधडेअरीतल्या झोयाला मिळाली, आणि झोया अर्खांगेल्स्कच्या सामन्यांना जाऊन समुद्र बघून आली. रिम्मानं अजून समुद्र पाहिलेला नव्हता.

तिसऱ्या वर्षी ती माझ्या टेबलाशी आली होती. "फोमिच, डाव्याच्या निम्म्या उचली तुम्ही मोजल्याच नाहीत."

"कोपर सरळ ठेव, मोजीन की. नाचता येईना, अंगण वाकडं!" मी म्हणालो. लोक हसले, मीही हसलो. मेली जीभ माझी!

या फेब्रुवारीत दारात कमरेइतका बर्फ होता. माझी टपालपेटी उंचावर आहे. रिम्माच्या उजव्या हातात पार्सल होतं, म्हणून ती डाव्या हातानं पत्र टाकायला गेली. टाचा उंचावल्या, तोंड लाल झालं, तरी हात पेटीला टेकेना. मी खिडकीतून ओरडलो, "अगं, हात सरळ कर ना!"

"होत नाही!" तीही ओरडली. "आठ वर्षांची असताना घसरगाडीवरून पडले. हाड वाकडंच जुळलं. यापुढे जातच नाही तो."

मी दार उघडून बाहेर आलो, पायांत चपलाही नव्हत्या. "मग तीन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"तुम्ही विचारलंत?"

"नियमातच आहे, बाई! ज्याचा कोपर सरळ होत नाही त्यानं आधी पंचाला दाखवायचा."

"म्हणजे गावभर झालं असतं, पोस्टवालीनं सूट मागितली."

"सूट कसली गं? तुझा हात जिथपर्यंत जातो तिथपर्यंत त्याचं माप. पुढं न्यायला तो आहे कुठं?"

तिनं पार्सल माझ्या हातात कोंबलं आणि निघून गेली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ती गप्प बसली हे खरं, पण तीन वर्षं तो हात मी चार पावलांवरून बघत होतो. पंच कसला मी!

मे महिन्यात सामने झाले. झोयाचा कमी हात एक्कावन्नवर थांबला. मग रिम्मा आली. चौथऱ्याकडे न जाता ती टेबलाशी उभी राहिली, बाही वर सारली आणि साऱ्या गावासमोर हात ताणला.

मी कोपर चाचपला आणि मोठ्यानं सांगितलं, "डावा इथपर्यंतच जातो. इथं स्थिर झाला की उचल धरणार."

"मग माझा गुडघाही बघा, पावसाळी दुखतो!" झोया म्हणाली.

"गुडघ्यानं उचलणार असशील तर बघतो," मी म्हणालो.

रिम्मानं डाव्यानं सुरुवात केली. चाळीस झाल्या, पंचेचाळीस झाल्या. एकोणपन्नासनंतर गोळा वर डगमगला. मी ती उचल धरली नाही.

"अहो फोमिच!" ती वरूनच किंचाळली.

"डगमगला! कोपराचा काय संबंध?"

तिनं मला एक शिवी हासडली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. मग पन्नास झाल्या. एक्कावन्नला बोटं सुटत आली होती, तरी तिनं पुन्हा झटका दिला, गोळा वर नेला आणि दात खाऊन तिथंच धरला. "बावन्न!" मी ओरडलो. पंचानं ओरडायचं नसतं, पण ओरडलो. उजव्याला फक्त तेवढंच करायचं होतं, त्यानं ते हसतखेळत केलं.

पहिली मिठी झोयानं मारली. "जा बाई, समुद्र थंडगार असतो, मोजे ने," म्हणाली.

रिम्मा माझ्याकडे आली. "आणि मागची तीन वर्षं?"

मी कर्णा उचलला. "मंडळी, तीन वर्षं रिम्मा सेर्गेयेव्हनाच्या उचली मी चुकीच्या मोजल्या. हिला हसलो, तेही चुकलं. जाहीर माफी मागतो."

कुणी हसलं नाही. रिम्मानं बाही खाली ओढायला हात नेला आणि मधेच थांबली. "राहू दे अशीच," ती म्हणाली. "अर्खांगेल्स्कच्या पंचालाही दाखवायचाय."