तानीच्या बाटलीतल्या माश्या

बेटेगावच्या तानीचा वही-पेनवाल्या माणसांवर काडीचा विश्वास नव्हता. चार वर्षांमागे अशीच माणसं जमीन मोजायच्या साखळ्या घेऊन तिच्या भावाच्या माळावर आली, नुसतं बघतो म्हणाली, आणि दोन पावसाळ्यांनी तिथं कारखान्याचं कुंपण उभं राहिलं. म्हणून १९७८च्या भाद्रपदात चिंचणीचे एकनाथ सावे मास्तर कापडी जाळी घेऊन तिच्या भाताच्या बांधावर उतरले, तेव्हा तिनं हातातला कोयता खाली ठेवला नाही.

"काय शोधता तुमी?"

"माश्या."

माश्या धरायला इतक्या लांबून सायकल मारत कोण येतं? तानी बघतच राहिली. मास्तरांनी समजावलं, की या माश्या घरच्या माशीसारख्याच दिसतात, फक्त अंगावर राठ केस. अळीच्या पाठीवर पांढरं अंडं घालतात, पिल्लू अळीच्या आत शिरून तिला खातं. अशा किती जाती इकडं आहेत ते कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही.

त्या साली भातावर अळी पडली होतीच. मास्तर गेल्यावर दोन दिवसांनी तानीला अळ्यांच्या पाठीवर पांढरे ठिपके दिसले. पुढच्या खेपेला तिनं त्यांना बांधावरच अडवलं.

"माश्या तुमीच सोडता. रोग आणता आमच्या भातावर."

"खोटं वाटतं तर स्वतः अळ्या पाळून बघा. ही काचेची बरणी घ्या, वरून फडकं बांधा."

बरणी तिनं घेतली नाही. आत आधीच काही भरलं असेल तर? घरातल्या दोन बाटल्या तिनं राखेनं घासल्या. एकीत ठिपकेवाल्या अळ्या घातल्या. दुसरीत प्रत्येक अळी उन्हात उलटसुलट बघून अगदी कोऱ्या तेवढ्याच. कोऱ्यांतून माशी निघाली, की मास्तर खोटा. रोज शेतातली भाताची पाती ती स्वतः आणून घालायची. बाटल्यांना कुणाला हात लावू देत नसे.

पंधरा-वीस दिवसांत दोन्ही बाटल्यांत माश्या भिरभिरू लागल्या.

बाटल्या टोपलीत घालून तानी पायी चिंचणीला गेली. "कोऱ्या अळीतनं पन माशी निंगाली. आता बोला."

मास्तर हसले. "एखादा ठिपका बघायचा राहिला असेल."

"माजे डोले फुटलं नाय."

त्यांनी भिंग काढलं. एका बाटलीतली माशी बघितली, मग दुसरीतली, मग पुन्हा पहिली. हसू मावळलं. एकीचे डोळे गुळगुळीत, दुसरीच्या डोळ्यांवर बारीक लव. तीन वर्षं या दोघींना त्यांनी एकच जात समजून एकाच पेटीत टाचण्यांनी टोचून ठेवलं होतं.

"दुसरी जात आहे," ते सावकाश म्हणाले. "काही माश्या धुळीएवढी अंडी पात्यावर घालतात. अळी पात्याबरोबर ती गिळते. पाठीवर ठिपका दिसणारच नाही. चूक माझी, तानीबाई."

त्या दिवशी दुपारभर दोघांनी पेटी उपसली आणि माश्या वेगळ्या केल्या. मास्तरांनी टाचणीखाली चिठ्ठी लावली. तानीनं तसलीच एक चिठ्ठी मागून घेतली आणि गावात येऊन बालवाडीच्या पुष्पलताबाईंकडून वाचून घेतली. 'बेटेगाव. भातावरील अळी. पाळणारी : तानी.' खात्री पटेना म्हणून दुसऱ्या दिवशी कमलाकांत पोस्टमनकडूनही वाचून घेतली.

पुढं बारा-तेरा वर्षं एरंड, तूर, शेवगा, जिथं अळी दिसेल तिथून तानी बाटल्या भरत राहिली. नऊ जातींच्या माश्या तिच्या हातून निघाल्या. दर वेळी एक बाटली कोऱ्या अळ्यांची असेच. शेजारचा महादू पिकावर पावडर मारायला निघाला, की ती त्याला अडवायची, "आधी अळी बाटलीत घाल. आत कोन हाय ते बग."

१९९१ साली सागाच्या पानावरच्या अळीतून पिवळसर पोटाची एक माशी निघाली. मास्तरांनी भिंग लावलं, पुस्तकं चाळली, आणि मान हलवली. "ही मला ओळखता येत नाही."

"म्हंजे तुमाला पन सगलं ठावं नाय."

"नाही."

तानीला हे उत्तर फार आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं मास्तरांना आत बोलावून खाटेवर बसवलं आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.