पाणी गार, चिप गरम

आमच्या कोल्हापुरात एक खोड आहे. कुठलीही गोष्ट हात आखडता घेऊन करायची नाही. मिसळीवर कट घालायचा तर वाटी बुडेपर्यंत, डोशावर लोणी घालायचं तर गोळाच, आणि पंगतीत आग्रह करायचा तर समोरचा पानावरून पळेपर्यंत. ह्या खोडीपायी मी एकदा माझा कॉम्प्युटर जवळजवळ मारला होता, आणि त्याच्यासोबत एका माणसाची एकुलती एक कॅसेट.

दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. मी लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायचो. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, एक कॉम्प्युटर, एक व्हीसीआर. तेव्हा लोक जुन्या व्हिडिओ कॅसेटी आणून त्यांच्या सीड्या करून न्यायचे. काम दिसायला सोपं. व्हीसीआरवर कॅसेट लावायची, वायर कॉम्प्युटरला जोडायची, आणि कॅसेट संपेपर्यंत कॉम्प्युटर चित्र भरून घेत बसायचा. पण तेवढा वेळ त्याची मुख्य चिप सगळा जोर लावून पळते आणि तापते. माझी चिप स्वस्तातली आणि तापट. मालकासारखीच, असं बायको म्हणायची. पंच्याहत्तर डिग्रीला पोचली की मशीन आपोआप धाडकन बंद. थंडीत, पावसाळ्यात भागून जायचं, पण एप्रिलात पत्र्याखाली काही खरं नसायचं.

अशा एप्रिलात मामा आले. नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. उद्यमनगरातल्या वर्कशॉपातले लेथ मिस्त्री, राहायला कसबा बावड्यात. साठीचे, हाताच्या रेघांत काळं तेल मुरलेलं. माझ्या कॅमेऱ्याच्या स्टँडचा स्क्रू त्यांनी एकदा करून दिला होता, तेवढीच ओळख. त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढली. मुलीच्या लग्नाची, दहाएक वर्षांपूर्वीची. मामी दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. घरात त्यांचे फोटो दोनच, आणि दोन्हींत फोटोग्राफरनं दम दिल्यासारख्या ताठ उभ्या. चालती-फिरती मामी काय ती ह्या कॅसेटमध्ये. घरी व्हीसीआर कधी नव्हताच. लग्नानंतर शेजारी एकदा सगळ्या गल्लीनं मिळून बघितली, आणि मग कॅसेट ट्रंकेत गेली ती गेलीच. तिथं ओल लागून फितीवर पांढरी बुरशी धरली होती. दोन दुकानदारांनी हात लावायला नकार दिला होता, कारण असली फीत घातली की व्हीसीआरचं फीत वाचणारं हेड खराब होतं.

दुसरे नाही म्हणाले म्हटल्यावर मी हो म्हणणारच. तो माझा स्वभावच. करतो की मामा, त्यात काय, असं बोलून बसलो.

पहिल्या खेपेला विसाव्या मिनिटाला मशीन बंद पडलं आणि भरलेलं सगळं पाण्यात गेलं. दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. पंधरा मिनिटं भरायचं, थांबायचं, चिप निवू द्यायची, पुन्हा सुरू करायचं. पण थांबल्यावर ती बुरशीची फीत हेडला चिकटून बसली आणि सोडवताना वीतभर चुरगळली. व्हीसीआर उघडला तर आत तपकिरी भुकटी. फितीवरचं चित्रच भुकटी होऊन गळत होतं. म्हणजे कॅसेट आता अजून एकदाच चालणार, फार तर दोनदा. आणि चालवायची तर सव्वा तास न थांबता. तेवढ्यात मशीन बंद पडलं, तर मामी कायमच्या गेल्या.

हे मी मामांना सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. पण त्यांनी उलट मशीन बंद का पडतं ते विचारलं. तापतंय म्हणून, मी म्हणालो.

"तापतंय तर पाणी फिरीव की," मामा म्हणाले. "इंजान तापत न्हाय व्हय?"

आता गंमत बघा. परदेशातली पोरं चिप पाण्यानं गार करतात हे मी नेटकॅफेत वाचलं होतं. त्या सामानाच्या किमती बघून गप्प बसलो होतो. मामांनी एका वाक्यात माझ्या डोक्यात किडा सोडला. दुसऱ्या दिवसापासून मी धंदा सोडून भंगार बाजारात. कुलरमधला छोटा पाण्याचा पंप मिळाला. मोडीत काढलेल्या गाडीच्या हीटरची जाळी मिळाली, तिच्यातून पाणी फिरवून तिच्यावर पंखा सोडायचा. नळ्यांसाठी गवंडी लेव्हल बघायला वापरतात तो पारदर्शक पाईप, आणि पाण्याला घरातली झाकणाची बादली. कॉम्प्युटरमध्ये पाणी घालणार म्हटल्यावर बायकोनं कपाळाला हात लावला, आणि बादली परत मिळणार आहे का तेवढं विचारलं.

राहिला चिपवर बसवायचा तांब्याचा ठोकळा. तो पोकळ पाहिजे, म्हणजे चिपची उष्णता तांबं घेईल आणि तांब्यातली उष्णता आतून फिरणारं पाणी घेऊन जाईल. हे काम मामांचं. त्यांनी जीव ओतून केलं. तीन दिवसांनी ठोकळा हातात दिला तेव्हा माझा हातच खाली गेला. तळ बोटभर जाड, आत एकच गोल विहीर, आणि खालची बाजू बफिंगच्या चाकावर धरून अशी चकचकीत की मी त्यात मिशा बघितल्या. हलकं काम आपल्यात न्हाय, ते म्हणाले. मीही मागं राहिलो नाही. चिप आणि तांब्याच्या मधल्या बारीक फटी बुजवायला एक पांढरी पेस्ट लावायची असते. ट्यूबभर होती, ती ट्यूबभर लावली.

मामींची कॅसेट लावायचं धाडस नव्हतंच. दुसऱ्या कुणाच्या तरी बारशाची कॅसेट लावून बघितली. डिग्री पडद्याच्या कोपऱ्यात दिसायची. साठ, पासष्ट, सत्तर. चाळिसाव्या मिनिटाला पंच्याहत्तर आणि धाडकन बंद. आधीच्या दुप्पट वेळ चाललं होतं, पण सव्वा तासापुढं चाळीस मिनिटं घेऊन काय करायचं? जाळीला दुसरा पंखा लावला. काही फरक नाही. कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून बर्फाची लादी आणून बादलीत टाकली. फक्त दोन डिग्री उतरली, आणि वर नळ्यांना घाम फुटून थेंब मशीनवर टपकायला लागले. पंचपक्वान्नं करावीत आणि पावण्यानं ताटाला नमस्कार करून उठावं, तसं झालं.

चौथ्या दिवशी बिनबर्फाचं लावलं तेव्हाही चाळिसाव्या मिनिटाला तेच. मग मात्र माझं टाळकं सरकलं. बादलीला घातली लाथ. झाकण उडालं, पाणी पायावर सांडलं, आणि मी तसाच एका पायावर उभा राहिलो. पाणी गार होतं! वर चाळीस मिनिटं चिप भाजत होती आणि खाली बादलीतलं पाणी आत्ता नळातून काढल्यासारखं. म्हणजे पंखा कमी पडत नव्हता, बर्फही कमी पडत नव्हता. उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नव्हती. मी चार दिवस पाणी गार करत बसलो होतो, आणि ते बिचारं पहिल्यापासून गारच होतं. हसावं की रडावं कळेना. ओल्या पायानंच स्कूटर काढली आणि ठोकळा घेऊन उद्यमनगर गाठलं.

आता मामांना तोंडावर कसं सांगायचं, की तुमच्या ठोकळ्यातच खोट आहे? पण सांगितलं. त्यांनी ठोकळा उलटा केला, पेस्टचा थर बोटानं खरवडला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी लाजलो. मग इंजिनाचं हेड तपासतात तसं त्यांनी लोखंडी सपाट पाटाला निळा रंग पुसटसा लावला आणि ठोकळा त्यावर घासला. सपाट असता तर तळ सगळा निळा झाला असता. निळं लागलं फक्त मधे, रुपयाएवढं. बफिंगनं कडा उतरल्या होत्या, मधे फुगवटा आला होता. ठोकळा चिपवर डुगडुगत बसत होता, आणि उरलेली फट माझ्या पेस्टनं भरली होती, आणि तो जाड थर उष्णता अडवत होता.

मामांनी त्या निळ्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "चकाकी आली म्हंजे सपाट झालं न्हाय. एवढं आयुष्य ह्यात गेलं, आन् मलाच कळू नये?"

त्यांना खरंच लागलं होतं. पण माणूस जातिवंत कारागीर. लगेच विहिरीत डोकावून त्यांनी स्वतःच दुसरी खोट काढली. विहीर गुळगुळीत, त्यामुळं पाणी एका बाजूनं येतं आणि तांब्याला न शिवता दुसऱ्या बाजूनं पळतं. आणि बोटभर जाड तळ म्हणजे चिप आणि पाण्यामध्ये घातलेली भिंत. बाहेर एका जुन्या डिझेल इंजिनाचा ब्लॉक पडला होता, त्याच्या बाहेरच्या पातळ पट्ट्या दाखवून म्हणाले, असल्या पट्ट्या आत पाहिजेत, म्हणजे पाणी तांब्याला घासून जाईल.

मग त्यांनी आपलंच काम कमी करायला घेतलं. तळ निम्म्याहून जास्त उतरवला. आत बारीक चर पाडले, मधे पट्ट्या राहिल्या. शेवटी काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पाण्याचा हात लावून तळ घासत बसले. दोन तास मी नुसता बघत होतो. घासायचं, निळा लावायचा, बघायचं, परत घासायचं. शेवटी तळ सगळा एकसारखा निळा आला. दिसायला मात्र मळकट, मिशा बिशा काही दिसेनात. आणि पेस्ट लावायला त्यांनी मला हात लावू दिला नाही. मोहरीच्या दोन दाण्यांएवढी घेतली आणि पत्त्याच्या पानानं पसरवली. अति तिथं माती, हे लहानपणापासून ऐकत होतो, डोळ्यानं बघितलं त्या दिवशी.

बारशाची कॅसेट दोन तास चालवली. डिग्री त्रेपन्नवर जाऊन बसली ती हललीच नाही. आणि बादलीत हात घातला तर पाणी कोमट. पाणी कोमट झालं म्हणून नाचलेला मी पहिलाच माणूस असेन.

मग मामांना बोलावलं. सकाळी आठला, ऊन चढायच्या आत, लाईट जायच्या आत. धुतलेला शर्ट आणि पांढरी टोपी घालून आले आणि स्टुलावर बसले. मी व्हीसीआरचं हेड पुसलं, कॅसेट घातली आणि देवाचं नाव घेतलं.

सव्वा तास मी पडद्याच्या एका कोपऱ्यावरची नजर काढली नाही. एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न. चित्रात मुंग्या होत्या, चुरगळलेल्या जागी आडव्या रेघा आल्या, पण माणसं ओळखू येत होती. माणसांचा आवाज नव्हताच, शूटिंगवाल्यानं वरून गाणी भरली होती. अक्षता झाल्या, पंगती बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. शेवटी पाठवणी झाली आणि पडदा निळा झाला. मशीन चालूच होतं. सगळं भरलं होतं. मी फाईल तपासली आणि छाती फुगवून मामांकडं वळलो, त्रेपन्न डिग्री दाखवायला.

मामांचे हात मांडीवर तसेच होते. म्हणाले, "पाच पंगती उठल्या. ती कुठंच बसली न्हाय."

मला आधी कळलंच नाही. मी कोपरा बघत होतो, ते मामींना बघत होते. बुंदीची परात घेतलेल्या मामी, व्याह्यांच्या पानावर वाकून आग्रह करणाऱ्या मामी, पाण्याचा तांब्या घेऊन पळणाऱ्या मामी. मी आपलं म्हणालो, की शूटिंगवाला गेल्यावर जेवल्या असतील.

"मी व्याह्यांच्या पंगतीला बसलो. तिनंच वाढलं," ते म्हणाले. "जेवलीस का म्हणून इचारलंच न्हाय."

पंप घुंई करत होता, तो बंद करायला उठलो. मामांनी हातानंच थांबवलं आणि विचारलं, आता हे मशीनवरनं कितीही वेळा बघितलं तर झिजणार नाही ना. मी म्हणालो, नाही झिजणार.

"मग लाव परत," ते म्हणाले आणि त्यांनी स्टूल पुढं ओढलं. "मागं कुठं तर, कोपऱ्यात, बसलेली असंल."

मी पहिल्यापासून लावलं, आणि ह्या वेळी मीही त्यांच्याबरोबर बघत बसलो.