सात टेबलांची खोली

माझा धाकटा भाऊ डिझायनर आहे म्हटलं की आमच्याकडे लोक विचारायचे, "म्हणजे करतो काय?" आधी मीही तेच विचारलं होतं. छापखान्यात तो बिलबुकं बांधायचा. तिथला कॉम्प्युटर दुपारी रिकामा असायचा. चांगली जाहिरात दिसली की ती स्क्रीनवर खाली ठेवायची आणि वरून रेघ न् रेघ गिरवायची, असं करत तो शिकला. कुणी शिकवलं नाही, कुणी टोकलंही नाही. पाच वर्षांत दुकानांच्या पाट्या आणि डब्यांची लेबलं त्याच्याकडे येऊ लागली.

मग स्वारी हट्टाला पेटली. "ताई, इथल्या पोरांनी कामासाठी गाव का सोडायचं? मी काम इथे आणतो." मी वरची खोली दिली. माझं शिवणयंत्र जिन्याखाली गेलं, त्यावरून मी त्याला अजून ऐकवते. सात टेबलं, सात मुलंमुली. त्याची शिकवायची रीत एकच: "आधी माझं काम शंभर वेळा गिरवा." दोन वर्षं त्याने पोरांना घासून घेतलं.

शेवटी मोठ्या शहरातल्या कंपनीच्या बाई आल्या. काम पसंत पडलं तर सातही जणांना नोकरी, तीही इथेच, याच खोलीत.

बाईंनी सात जणांचं काम पाहिलं. "सुंदर आहे. पण हे सगळं एकाच माणसाने केलंय ना?"

"नाही हो, ज्याचं त्याने केलंय!" भाऊ छाती फुगवून म्हणाला.

बाईंनी सगळ्यांना कोरं पान उघडायला लावलं. "समोर रस्त्यापलीकडे केशकर्तनालय आहे ना, त्याची पाटी करा. मनाला येईल तशी. एक तास आहे."

एकाही माऊसचा आवाज येईना. बऱ्याच वेळाने एका मुलीने हळूच विचारलं, "सर, गिरवायला खाली काय ठेवू?"

"तुम्ही करून दाखवता का?" बाई भावाला म्हणाल्या. कुचकेपणाने नाही, सांभाळून घ्यायला म्हणूनच. तो बसला. पाटी झटक्यात झाली, सुबक झाली. ती पोरांनी शंभरदा गिरवलेली चष्म्याच्या दुकानाची पाटीच होती, फक्त चष्म्याच्या जागी कात्री. मी ओळखली, मग पोरांनी न ओळखायला काय झालं? आणि त्यानेही ओळखली. त्याचा हात माऊसवर तसाच राहिला.

"कळवते," म्हणून बाई गेल्या. त्याचा अर्थ समजायला डिझायनर असावं लागत नाही.

मला आधी बाईंचा राग आला, मग भावाचा. पण सगळ्यांचं किती एकसारखं येतं म्हणून दोन वर्षं कौतुक मीच करत होते.

दुसऱ्या दिवशी नवाच्या ठोक्याला सातही जण हजर. भाऊ दारातच उभा राहिला.

"घरी जा," तो म्हणाला. "मला शिकवता येत नाही. मलाच येत नाही."

कुणी हललं नाही. मग तीच मुलगी म्हणाली, "सर, मग आम्ही काय करायचं ते तरी सांगा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. एरवी मला तोंड आवरत नाही. त्या दिवशी मात्र मी जिना उतरून खाली आले.