वर्ष सरेपर्यंत

सोमवारी सकाळी सहा वाजता माझी बायको साताऱ्याहून पुण्याला कामावर निघाली. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे वळण आहे, तिथे गाडी उलटली. ती गेली. शिरवळच्या घराची किल्ली मिळून त्या दिवशी सात महिने झाले होते. त्या घरात आम्ही राहायला गेलो नव्हतो.

हा रस्ता ज्यांच्या पायाखालचा नाही, त्यांच्यासाठी सांगतो. साताऱ्याहून पुण्याला निघाले की आधी घाट आणि बोगदा, मग खंडाळा, मग शिरवळ. शिरवळला राहणाऱ्या माणसाला पुण्याला जाताना घाट लागत नाही. घर घेतल्यावर घाट ओलांडायचा होता तो मी, उलट दिशेने, साताऱ्याच्या कॉलेजात येण्यासाठी. तिने नाही. एवढी साधी गोष्ट लिहायला मला वर्षाहून जास्त वेळ लागला आहे.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. ती पुण्यात एका कारखान्याच्या खरेदी विभागात होती. लग्न झाल्यापासून तिचे अप-डाऊन चालू होते. साताऱ्याहून रोज पुण्याला जाणाऱ्या काही बायकांनी मिळून एक व्हॅन ठरवली होती, त्यात तिची जागा मागच्या बाकावर खिडकीजवळ. साडेचारला उठायची, संध्याकाळी आठला परत यायची. मुलगी तेव्हा सहावीत होती. ‘माझी आई’ या निबंधात तिने पहिलेच वाक्य लिहिले होते, ‘माझी आई रविवारी असते.’ बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली होती. बायकोने वही वाचली, मिटली आणि मला म्हणाली, “आता घर बघू या. तुमच्या आणि माझ्या मधोमध कुठंतरी.”

मधोमध म्हणजे शिरवळ. पुण्याच्या मानाने परवडणारे, आणि कारखाने आल्यापासून तिथे इमारतींवर इमारती उभ्या राहत होत्या. आम्ही रविवारी जायचो. आम्ही दोघे, मुलगी, आणि माझे आई-वडील. वडील फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे माण तालुक्यातले. दुष्काळी भागातला माणूस घर कसे बघतो, ते मी तेव्हा पाहिले. नमुन्याच्या घरातली फरशी, खोटे छत, रंगीत दिवे यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. आत शिरले की आधी नळ सोडायचे. मग जिना चढून गच्चीवर, टाकी बघायला. घरे दाखवायला नेमलेला टाय घातलेला माणूस त्यांच्या मागे धापा टाकत असायचा. एकदा त्याने विचारले, काकांना व्ह्यू बघायचाय का? वडील म्हणाले, “मला बोअर किती फुटावर हाय ते सांगा. व्ह्यू आमच्या गावाकडं लय हाय, नुसता व्ह्यूच हाय.”

बायको इतकी हसली की तिला भिंतीला टेकावे लागले. ती मूळची तासगावकडची, माहेर आता सांगलीत. सासऱ्यांशी तिचे जितके जुळायचे तितके माझेही कधी जुळले नाही.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघराचे घर ठरले. नळाला पाणी जोरात होते, म्हणून वडिलांनी मान डोलावली. त्यांची सगळी नोकरी फौजेच्या क्वार्टरमध्ये गेली, नंतरची वर्षे साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत. आपले म्हणावे असे त्यांचे ते पहिलेच छप्पर. ते त्यांनी बांधून होताना पाहिले, पण ताबा मिळायला आठ दिवस राहिले असताना ते वारले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

आम्ही ताबा घेतला तेव्हा घरात सुतक होते. दिवस-कार्य झाल्यावर आईने सांगून टाकले की वर्ष सरेपर्यंत नव्या घरात चूल पेटायची नाही. घरातला कर्ता माणूस गेला की ते वर्ष दुःखाचे, त्यात नवे काही करायचे नाही, हे तिच्या लेखी सूर्य पूर्वेला उगवतो तितके उघड होते. ती रागावून बोलली नाही, हट्टानेही नाही. मी मान हलवली.

इथे मला स्वतःबद्दल खरे लिहिले पाहिजे. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण नुकत्याच विधवा झालेल्या आईशी वाद घालणे मला क्रूरपणाचे वाटले, आणि तसे वाटणे सोयीचेही होते. मला बोलावे लागत नव्हते. एक वर्षाचा तर प्रश्न, असे मी बायकोला म्हणालो. इतकी वर्षे गेली, त्यात आणखी एक.

ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, “एकदा गुरुजींना विचारून बघा ना. काहीतरी वाट काढतात ते लोक.”

मी म्हणालो, बघतो.

मग आमचे रविवार शिरवळला जाऊ लागले. चूल पेटवायची नाही, म्हणून ती घरून डबा आणि थर्मासात चहा घ्यायची. हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरून आम्ही जेवायचो. आई सोबत येत नसे. जेवण झाले की बायको पर्समधून टेप काढायची आणि भिंती मोजत सुटायची. पेन्सिलीने भिंतीवर खुणा करायची, खुणेशेजारी बारीक अक्षरात लिहायची. हॉलच्या लांब भिंतीवर ‘पुस्तकं’, आतल्या खोलीत खिडकीखाली ‘आईंची कॉट’, मुलीच्या खोलीत ‘टेबल’. मुलगी म्हणाली, तू कुठे राहणार ते लिही. ती म्हणाली, “मी काय, सगळीकडे.” आणि खरेच, तिच्यासाठी कुठेच खूण केली नाही.

तिने हिशेब मांडला होता. तिथून निघाली असती तर सव्वासहाला उठून चालले असते. संध्याकाळी सहाला घरी. म्हणजे रोज मुलीबरोबर दोन तास जास्त. मुलगी तो हिशेब मैत्रिणींना सांगायची.

दिवाळीच्या सुमारास तिने पुन्हा विचारले, गुरुजींना विचारलंत का? मी म्हणालो, कॉलेजात तपासणी चालू आहे, ती झाली की जातो. गुरुजींचे घर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. ग्रंथालयात माझ्या खुर्चीमागच्या कपाटात धर्मशास्त्राची पुस्तके आहेत, त्यांची यादी मीच केली आहे. त्यातले एकही मी उघडले नाही. गुरुजींकडे जाऊन, आम्ही आमच्या घरात राहायला जाऊ का, असे विचारायचे, याची मला लाज वाटत होती. शिकलेल्या माणसाने असे विचारावे का? न विचारता आईचे ऐकावे, यात मात्र मला काही वावगे वाटले नाही. आज या दोन्हींतला फरक मला सांगता येत नाही.

तिसऱ्यांदा विचारले ते जानेवारीत. त्या सकाळी घाटात धुके होते आणि व्हॅन तासभर थांबून राहिली होती. रात्री ती घरी आली, मोजे काढत म्हणाली, “राहू द्या. तुम्ही विचारणार नाही. पाच महिने राहिलेत, जातील.” यात टोमणा नव्हता. थकवा होता.

त्यानंतरच्या महिन्यात तो सोमवार आला.

त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. मला फार काही आठवत नाही, आणि आठवते ते माझ्याजवळ राहू द्यावे. तिचे आई-वडील आले, आणि चौदाव्या दिवशी मुलीला सांगलीला घेऊन गेले. इकडे कोण बघणार तिला, असे ते म्हणाले. मी कॉलेजात असणार, आई गुडघ्यांनी अधू. त्यांचे बरोबर होते. मी तिची बॅग भरली. निबंधाची वही तिने स्वतः काढून माझ्या टेबलावर ठेवली. मुद्दाम की नको म्हणून, ते मला कळले नाही आणि मी विचारले नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी वडिलांचे वर्षश्राद्ध आले. गुरुजी आले, विधी झाला. आई दारापाशी बसून वाती वळत होती. पान वाढेपर्यंत काहीतरी बोलायचे म्हणून गुरुजींनी शिरवळच्या घराचे विचारले. मी सांगितले, बंदच आहे. वडिलांचे वर्ष सरेपर्यंत जाता आले नाही, आता तिचे वर्ष चालू आहे.

गुरुजींनी पंच्याचे टोक नीट केले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “राहायला जायला तेव्हाही हरकत नव्हती. वास्तुशांत, जेवणावळ, तेवढं वर्षभर करायचं नसतं. पण राहतं घर आहे ते. देवापुढे दिवा लावायचा, दूध उतू घालायचं आणि जायचं. मी कितीतरी घरं तशी लावून दिली आहेत.” मग म्हणाले, “तुम्ही विचारलं नाहीत.”

आईच्या हातातली वात अर्धी वळलेली होती. ती तिने तशीच ताटलीत ठेवली आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. मी तिला काही बोललो नाही, तिने मला काही विचारले नाही. आमच्या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही, हेच तर झाले होते.

पुढच्या महिन्यात एक दिवस ती सकाळीच लुगडे बदलून बसली आणि मला म्हणाली, त्या घरी न्हे मला. मी गाडी केली. घाट उतरताना तिने डोळे मिटून घेतले होते. इमारतीचे दोन जिने ती कठड्याला धरून चढली. मी कुलूप उघडले, दार लोटले. ती उंबऱ्याशी आली, आत बघितले आणि मागे फिरून जिन्याच्या पायरीवर बसली.

“मी न्हाई यायची आत.”

मी म्हणालो, आई, एवढी आलीस तर ये.

“माझ्या सासूनं केलं तसं म्या केलं. मला दुसरं कुणी सांगितलंच न्हाई रं,” ती म्हणाली. मग, “तूबी न्हाई.”

शेजारच्या बाईंनी तिला पाणी आणून दिले. नव्यानेच राहायला आल्या होत्या, त्यांना काही माहीत नव्हते. घर छान आहे तुमचे, असे त्या म्हणाल्या. कधी येताय राहायला? आईने तांब्या परत दिला आणि पदराने तोंड पुसले.

मी आत जाऊन नळ सोडून पाहिले. पाणी आधी तांबूस आले, मग स्वच्छ. स्वयंपाकघराच्या ओट्यावर थर्मास होता, शेवटच्या रविवारी राहिलेला. तो मी आणला नाही. भिंतीवर तिचे अक्षर होते. आईला बाहेरून ते दिसत नव्हते. दिसले असते तरी तिला वाचता येत नाही, आणि खिडकीखाली काय लिहिले आहे ते मी तिला वाचून दाखवले नाही.

लोक सांगतात, भाड्याने द्या. कुणी सांगतात, विकून टाका. भाड्याने द्यायचे तर आधी रंग द्यावा लागेल. मुलगी सांगलीच्या शाळेत आता आठवीत आहे. फोनवर ती अभ्यासाचे बोलते, शिरवळचे नाव काढत नाही. बायकोचेही वर्ष आता सरले. आता कुणाची आडकाठी नाही.

मी आणि आई साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. शिरवळचे घर बंद आहे. त्याच्या किल्ल्या दोन. एक माझी, आणि एक तिच्या पर्समध्ये सापडलेली. दोन्ही माझ्याकडे आहेत.