शेवटच्या पानावरचा शेरा

मी झेडपीच्या शाळेत शिकवते आणि चाळिशी उलटली तरी सुपरहिरोंची कॉमिक्स वाचते. पारनेरमध्ये ही गोष्ट मी होऊन कुणाला सांगत नाही. घरी मात्र लपून राहिलेली नाही. पाहुणे आले की आमच्याकडे दोन मुलं लहान आणि एक मोठं, असं नवरा कौतुकानं सांगतो, आणि मी चहा जरा जोरातच आदळते.

माझ्यासारखे आणखी दोघं मला नगरच्या एका रद्दीच्या दुकानात भेटले. एकाच गठ्ठ्यावर तिघांनी हात टाकला, भांडण होता होता राहिलं आणि ओळख झाली. एक घोडेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. बाजाराच्या दिवशी लोक त्यांना डॉक्टर म्हणतात आणि ते दुरुस्ती करत नाहीत. दुसरा पाथर्डी तालुक्यातला ट्रॅक्टर ड्रायव्हर. हंगामात गावच्या ऊसतोड टोळीबरोबर सहा महिने बाहेर, बाकीचे सहा महिने घरी.

अंक मी पुण्याच्या एका दुकानदाराकडून मागवायचे, आधी वाचायचे, मग एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात घोडेगावसाठी द्यायचे. कंपाउंडर वाचून पुढे पाथर्डीला, हंगामात टोळी असेल तिथं धाडायचे. फोनवर कथा फोडायची नाही हा आमचा कडक नियम होता. म्हणून अंकाच्या मागे मी कोरा कागद स्टेपल करायचे आणि ज्यानं त्यानं आपलं मत त्यावर लिहायचं. मग अंक परत फिरायचा, कुणी कुणाला काय सुनावलंय ते वाचायला. खरी मजा त्या कागदातच होती. माझे शेरे सगळ्यात तिखट असायचे, आणि त्याचा मला अभिमान होता. वह्या तपासायची सवय, दुसरं काय. खाली तारखेसकट सही ठोकायचे.

त्या हिवाळ्यात आला तो अंक वेगळा होता. नदीवरचा पूल पडतो आणि आमचा हिरो उशिरा पोचतो. माणसं गेलेली असतात. मग अंकभर तो ढिगाऱ्यावर बसून राहतो, उजाडेपर्यंत. ना मारामारी, ना खलनायक. शेवटी लेखकानं चार ओळी लिहिल्या होत्या की, त्याच्या स्वतःच्या गावचा पूल पडला तेव्हापासून हिरोला वेळेवर पोचवायला त्याचा हात धजावत नाही. मला भयंकर राग आला. खऱ्या बातम्या रोज वाचतोच की आम्ही. निदान इथं तरी कुणाचा जीव वाचू दे. मी लिहिलं: "ज्याच्या भरवशावर माणसं होती, त्यानंच ती मरू दिली. आता डोक्याला हात लावून बसण्यात काय अर्थ? केप उतरवावी आणि घरी जावं. असल्याला हिरो म्हणू नये." तारीख, सही. अंक सकाळच्या एसटीनं रवाना केला.

चार-पाच दिवसांनी मधल्या सुट्टीत कंपाउंडरांचा फोन आला. पाथर्डीवाल्याची ट्रॉली कालव्याच्या वळणावर उलटली होती. टोळी उसाच्या फडावरून परतत होती, ट्रॅक्टर तोच चालवत होता. दोन बायका जागीच गेल्या, त्यातली एक त्याची चुलत भावजय. पोलिसांनी त्याला दोन दिवस बसवून ठेवलं, आता जामिनावर घरी आलाय. माझ्या डोळ्यांसमोर आधी त्या बायका यायला हव्या होत्या, पण आला तो माझा शेरा. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

अंक कुठंय, मी विचारलं. ते म्हणाले, "पाठवला की कालच, एका व्यापाऱ्याच्या पिकअपमधनं. म्हटलं बसून बसून डोकं फिरंल त्याचं, जरा मन रमंल." अंक त्यांनी उघडलाच नव्हता, मागचा कागद तर लांबच. बाजाराच्या गर्दीत वेळ झाला नाही म्हणे.

दुपारी मुलांना पाढे म्हणायला लावून मी खुर्चीत नुसती बसले. त्याला मेसेज करावा का, की अंक उघडू नका? पण वाचू नको म्हटलं की आमच्यासारखा माणूस तेच आधी वाचणार, हे मला स्वतःवरून ठाऊक होतं. कागद फाडून टाका म्हणावं, तर फाडण्याआधी तो बघणारच. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. पिकअपवाला दारू पिऊन कुठंतरी पडलेला असावा, गठ्ठा त्याच्या सीटखाली राहिलेला असावा, असंही मनात आलं. दुसऱ्याच्या दारूवर भरवसा ठेवायची वेळ आली होती.

सकाळी किरकोळ रजा टाकून निघाले. पाथर्डीच्या स्टँडवर कंपाउंडर मोटरसायकल घेऊन थांबले होते. वाटेत त्यांना शेरा काय होता ते सांगितलं. त्यांनी गाडी हळू केली.

वस्तीवर भेटायला आलेली माणसं अंगणात बसली होती. तो आत भिंतीला पाठ लावून होता, दाढी वाढलेली, उजवा हात फडक्यात बांधलेला. शेजारी ज्वारीच्या पोत्यावर अंक पडला होता. मागचा कागद वर आलेला. माझं अक्षर मला दारातूनच ओळखू आलं.

कंपाउंडरांनी घाईघाईनं सुरुवात केली, की मॅडमनी हे आधीच लिहिलंय, त्यांना काय ठाऊक. तो म्हणाला, "तारीख बघितली मी." मी माफी मागायला तोंड उघडलं.

"तुमचं चुकलं न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "पर तो हिरो उशिरा आल्ता. मी तर तितंच हुतो. स्टेरिंग माज्याच हातात हुतं."

बाहेर कुणीतरी नवीन आलं आणि बायकांच्या रडण्याचा आवाज वाढला. तो तिकडे गेला नाही. भावजयीच्या नवऱ्यासमोर तो अजून उभा राहिलेला नाही, हे कंपाउंडरांनी मला नंतर सांगितलं.

त्यानं डाव्या हातानं अंक उचलला आणि शेवटचं पान काढलं. "हितं उजाडतं आन् संपतं. मंग तो उठून घरी कसा जातो? घरच्यांम्होरं काय बोलतो? पुडच्या अंकात आसंल ना ते?"

"असेल," मी म्हणाले.

"कदी येनार?"

"येईल आठवड्यात."

शेरा लिहिला त्याच दिवशी मी पुण्याच्या दुकानदाराला फोन केला होता. असली रडकी मालिका आम्हाला नको, पुढचे अंक ठेवू नका, असं ठणकावून सांगितलं होतं. वस्तीच्या बाहेर पडून रस्त्याला लागताच मी कंपाउंडरांना गाडी थांबवायला सांगितली आणि दुकानदाराला फोन लावला. पुढचा अंक आला होता, म्हणाला, पण तुम्ही नको म्हणालात म्हणून दुसऱ्याला दिला. आता मिळणं कठीण. मी त्याला विचारलं, दिला तो कुणाला, त्याचा नंबर द्या.