ताईचे इअरफोन, माझे इअरफोन

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला ठाऊक नाही, मुलीला नाही. आणि जिला सर्वांत आधी कळायला हवी होती, ती माझी थोरली बहीण आजही आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहते, सकाळी फिरून येताना माझ्यासाठी वर्तमानपत्र घेऊन येते. तिलाही नाही. तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट लहान आहे. इतकी लहान, की ऐकल्यावर तुम्ही म्हणाल — एवढेच ना? इअरफोनच्या दोन जोड्या होत्या. वायरच्या, कानात बसणाऱ्या, स्वस्तातल्या. त्यांतली एक मी ठेवली, एक ताईला दिली. एवढेच.

पण थोडे मागून सांगायला हवे.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षे. पनवेलला बाजाराच्या मागे एका चाळीत आम्ही राहत होतो — वडील, आई, ताई आणि मी. वडील रासायनिक कारखान्यात पाळीवर जात. मी पळस्प्याला एका वाहतूक कचेरीत कारकून होतो. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिने लग्न केले नव्हते. ती गाणे शिकवीत असे. संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत सात-आठ मुली बसत, मधोमध ताई आणि तिचा तंबोरा. गव्हाणहून सुगंधा नावाची एक मुलगी एस.टी.ने येई. मिठागरे पिकवणाऱ्या घरातली, मोकळ्या आवाजाची. ताई म्हणे, "हिच्या गळ्याला दारच नाही. सगळं अंगणच अंगण."

मग ताईला क्षय झाला.

त्या काळी हा शब्द घरात कोणी मोठ्याने उच्चारीत नसे. आई "छातीचं दुखणं" म्हणे. मागच्या खोलीत ताईची खाट गेली. तिचे ताट वेगळे, भांडे वेगळे, टॉवेल वेगळा. तिच्या वस्तूला हात लागला की साबणाने हात धुवायचे. शिकवणी बंद झाली. डॉक्टरांनी सहा महिने गायचे नाही, बसून तंबोरा छेडायचाही नाही, असे बजावले. ती ऐकणार नाही हे आईला माहीत होते. म्हणून तंबोरा सुगंधाकडे सांभाळायला पाठवला. रोज एक इंजेक्शन होते. ते देताना डॉक्टर एकदा सहज म्हणाले होते, "कानात आवाज वगैरे आला, कमी ऐकू आलं, तर लगेच सांगा. एखाद्याच्या कानावर जातं हे." त्यांच्या दृष्टीने ती सूचना होती. ताईच्या मनात ती खिळ्यासारखी बसली.

तिच्याजवळ एक कॅसेट होती. मुलींना घरी रियाज करता यावा म्हणून तिने स्वतःच्या तंबोऱ्याचा तासभर नाद ध्वनिमुद्रित करून ठेवला होता — गाणे नाही, शब्द नाही, नुसता तंबोरा. ती म्हणाली, "गळा बंद ठेवते. कान तरी उघडा राहू दे." घरात टेप नव्हता, आणि रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा पुढच्या खोलीत झोपत, तेव्हा कोणाचा मागून आणून मोठ्याने लावणेही शक्य नव्हते. माझ्याकडे एका मित्राच्या काकांनी आखातातून आणलेला वॉकमन होता. त्याचा हेडफोन केव्हाच मोडला होता. ठरले असे, की दिवसा वॉकमन ताईचा आणि संध्याकाळी माझा. यंत्र स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेता येते, पण कानात घालायची वस्तू? ती मात्र ताटाभांड्यासारखी वेगळीच हवी. म्हणून दोन जोड्या.

"तुझ्या कानानं निवड," ताई मला म्हणाली. "महागाचं नको. फक्त खर्ज नीट आला पाहिजे."

तंबोऱ्याला चार तारा असतात. शेवटची, सर्वांत खालच्या सुराची, ती खर्जाची. बाकीच्या तिन्ही तिच्या अंगावर उभ्या असतात. ती ऐकायला मला ताईनेच लहानपणी शिकवले होते — डोळे मिटून, बोटाने जमिनीवर खूण करीत. माझ्याजवळ जो काही कान आहे, तो तिचा आहे.

एस.टी. स्थानकाजवळ रफीकभाईंचे दुकान होते — घड्याळे, रेडिओदुरुस्ती, कॅसेटी. त्यांनी काचेवर पाच-सहा जोड्या मांडल्या. मी कॅसेट घालून एकेक ऐकत गेलो. कमी आवाजात ऐकायचे, हे मला कळत होते. आवाज वाढवला की कोणतीही जोडी क्षणभर बरीच वाटते. काही कानात सैल बसत, आणि सैल बसली की खालचा सूर बाहेरच सांडतो. काहींत तारांची नुसती टोके टोचत. शेवटी दोन उरल्या. दोन्ही काळ्या, दोन्हींची पिन सारखी, किंमतही जवळजवळ सारखीच.

"भाऊ, दिसायला सख्खे जुळे," रफीकभाई हसून म्हणाले. "पण एक गातो, दुसरा नुसता कुरकुरतो. बाईंसाठी पाहिजे ना? मग हा गाणारा त्यांना द्या. दुआ लागेल. तुम्हाला काय, तुम्ही कुरकुऱ्याशी निकाह लावा."

गाणारी जोडी एकच होती. तशी दुसरी केव्हा येईल, ते त्यांना सांगता येईना. मी दोन्ही घेतल्या.

मी सरळ घरी गेलो असतो तर? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. मी तळ्याकडे वळलो. कठड्यावर बसलो. माझी आवडती कॅसेट घातली आणि — फक्त एकदा, ताईचा कान लागण्याआधी — ती चांगली जोडी कानात घातली. वर्षानुवर्षे ऐकलेल्या त्या गाण्यात मला पहिल्यांदाच तबल्याचा डग्गा पोटात उमटल्यासारखा ऐकू आला. गाणारा श्वास घेतो, तोही ऐकू आला. मग दुसरी जोडी घातली. तेच गाणे पत्र्याच्या डब्यातून येऊ लागले.

मी मनाशी काय म्हणालो, तेही सांगतो. ताई तर एकच तंबोरा ऐकणार, मी सगळे ऐकणार. शिवाय ती आजारी आहे; आजारी माणसाला एवढे काय कळते? हे मी तिच्याविषयी म्हणालो — जिने मला ऐकायला शिकवले तिच्याविषयी. आणि ते मला पटलेही नव्हते. मला ती जोडी हवी होती, इतकेच. कुरकुरणारी जोडी मी कागदात नीट गुंडाळली आणि घरी आल्यावर ताईच्या उशाशी ठेवली.

तिने कानात घातली. डोळे मिटले. बोटाने खाटेच्या कडेवर खूण करीत राहिली. मग म्हणाली, "छान आहे. छान निवडलीस हो."

तीन आठवड्यांनी एका दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. ताईने मला मागच्या खोलीतून हाक मारली. आम्ही आत फार वेळ थांबत नसू, उंबऱ्याशीच उभे राहून बोलत असू.

"नंदू," ती म्हणाली, "खर्ज जातोय रे माझा."

मला एका क्षणात सर्व कळले. तुम्हालाही कळले असेल. तिला कळण्याचा मार्ग मात्र नव्हता. ती सांगत होती — पंचमाची तार येते, मधल्या दोन्ही तारा येतात, खर्जाचा नुसता ओरखडा येतो, आत गाभा नाही. पहिल्या दिवसापासूनच कमी वाटत होता. तेव्हा वाटले, अशक्तपणा असेल. आता खात्री झाली. इंजेक्शन कानावर गेले.

डॉक्टरांना बोलावले. त्यांनी नादकाटा वाजवून पाहिला, मागून कुजबुजून पाहिले. कान उत्तम आहेत, म्हणाले. ते गेल्यावर ताई म्हणाली, "त्यांना दुखण्यातला कान कळतो. गाण्याचा कान वेगळा असतो. तो मला ठाऊक."

आणि मग तिने ते केले, जे आमच्या घरात कोणीही केले असते. तिने वॉकमन माझ्याकडे पुढे केला. "तू ऐक. तुला खर्ज येतो का सांग. कॅसेटच खराब झाली असेल तर?" केवढ्या आशेने म्हणाली ती! पण म्हणतानाच तिने स्वतःच्या इअरफोनची पिन ओढून काढली, वायर हाताला गुंडाळून उशाखाली ठेवली. माझ्या कानाला तिचा आजार लागू नये म्हणून. "तुझे लाव," म्हणाली.

माझे माझ्या शर्टाच्या खिशात होते.

मी यंत्र पुसले. माझी पिन लावली. उंबऱ्यात उभा राहून ऐकले. खर्ज येत होता — खोल, भरलेला, अगदी तिच्या हाताचा. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. काय बोलायला हवे होते, ते मला ठाऊक होते. "ताई, दोष जोडीचा आहे." चार शब्द. ती म्हणाली असती, मग तू अशी का आणलीस? आणि माझ्या कानात कोणती आहे, ते तिने ओळखले असते. तेवढ्याला मी भ्यालो. त्या बावीस वर्षांच्या माणसाला तेवढी शरम सोसवली नाही.

"येतो," मी म्हणालो. "स्वच्छ येतो."

पाहा — हे खोटेही नव्हते. हेच तर सर्वांत वाईट आहे. मी माझ्या बहिणीचा नाश एका खऱ्या वाक्याने केला.

ती "बरं" म्हणाली. भिंतीकडे वळली. त्यानंतर तिने ती कॅसेट लावली नाही; वॉकमन दिवसाही माझ्याकडेच राहू लागला.

मी नंतर तरी काही करू शकलो असतो. माझी हरवली आणि तुझ्यासाठी मात्र नवी आणली असे सांगून, तिच्या उशाशी चांगली ठेवू शकलो असतो. रोज पळस्प्याला जाताना मी हेच ठरवीत असे. रोज संध्याकाळी परत येताना ती जोडी माझ्या कानात असे. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणे अधिक कठीण होते, हे तुम्ही जाणताच. मला ते तेव्हाच कळले, आणि कळूनही काही करवेना.

सहा महिन्यांनी ताई बरी झाली. सुगंधा आणि तिचे वडील तंबोरा घेऊन आले. येताना त्याला धक्का बसू नये म्हणून तिने तो एस.टी.त मांडीवर धरून आणला होता. ती खोळ सोडू लागली, तशी ताई म्हणाली, "राहू दे. काढू नकोस. तूच ठेव तो आता. मला सूर दिसेनासा झालाय. बेसूर बाईनं शिकवू नये."

सुगंधा रडकुंडीला आली. "असं काय बोलता, बाई? तुमी नाय शिकवलं तं आमी कोनाकडं जायाचं?"

"आमी तं गाडीवानावानी नुसतं आणला नि नेला," तिचे वडील अवघडून पुटपुटले, वातावरण हलके करायला.

खोळ काढली असती आणि एकच तार छेडली असती, तर सारे त्याच क्षणी संपले असते. पण ताईला त्याचीच भीती वाटत होती — प्रत्यक्ष तंबोऱ्यातही खर्ज ऐकू आला नाही तर? आणि ती तार छेडू शकणारा तिसरा माणूस त्या खोलीत उभा होता. मी काय केले? मी तंबोरा उचलला. भोपळा एका हाताने सावरीत स्थानकापर्यंत नेला, गाडीत चढवला, आणि सुगंधाला खिडकीची जागा मिळवून दिली. माझ्याकडून जितके चांगले वागणे जमले, तितके मी त्या दिवशी वागलो.

ताई पुढे एका शाळेच्या कचेरीत लागली. घरात गुणगुणणेही थांबले. ज्या जोडीसाठी हे सारे झाले, तिची वायर पिनेपाशी वर्षाच्या आत तुटली.

ते दशक संपत आले तेव्हा सुगंधाने गव्हाणला स्वतःची शिकवणी सुरू केली. पहिल्या दिवशी बाई हव्यातच, असा हट्ट धरून बसली. मी ताईला घेऊन गेलो. ओटीवर सतरंजी होती, लहान मुली ओळीने बसल्या होत्या. सुगंधाने नमस्कार केला, खोळ काढली, आणि तारा छेडल्या.

ताईने माझे मनगट धरले. इतके घट्ट, की मला वाटले तिला भोवळ आली.

"नंदू — खर्ज येतोय मला." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती हसत होती. "औषधानं नेला होता बघ. परत दिला देवानं."

ही तिसरी वेळ. इथेही मला सांगता आले असते. मी म्हणालो, "चांगलं झालं, ताई."

सुगंधाने तंबोरा तिच्या पुढ्यात ठेवला. तिने तो मांडीशी घेतला, सा लावायला तोंड उघडले, आणि श्वास अर्ध्यातच सुटला. दुखण्याने छाती खाल्ली होती. उरलेले काम आठ-नऊ वर्षांच्या मौनाने केले होते. तिने पुन्हा प्रयत्न केला नाही. मुलींना म्हणाली, "तुम्ही गा गं, मी तारा धरते." मग माझ्याकडे कलून हळूच बोलली, "तेव्हा सगळे मला धीर द्यायला काहीबाही सांगत होते. तू एकट्यानं खरं सांगितलंस — स्वच्छ येतो म्हणून. मी ते विसरले नाही हं."

मुली सा लावू लागल्या. ताई डोळे मिटून तारा छेडीत होती. मी तिच्या शेजारी मांडी घालून बसलो होतो. खर्ज स्वच्छ येत होता.